मित्राचे मृत्युपत्र

१८९७ साल पुण्याला फार जड गेले. प्लेगने गावाचे कंबरडे मोडले होते. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली आणि त्यानंतर सरकारची वक्रदृष्टी अवघ्या शहरावर फिरली. २७ जुलैला बाळ गंगाधर टिळकांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी ४ ऑगस्टला त्यांना जामिनावर सोडले. खटला सप्टेंबरात उभा राहायचा होता. वकील गाठायचे, कागद जमवायचे, आपल्या मागे 'केसरी'चे काय, घरच्यांचे काय, ही घालमेल डोक्यात असताना टिळक पुण्यात पोचले आणि एका मित्राच्या मरणशय्येजवळ येऊन बसले. दख्खनचे पहिल्या दर्जाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित, म्हणजे बाबामहाराज, शेवटच्या आजारात होते. श्रावणातल्या त्या ७ ऑगस्टला त्यांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी डोळे मिटले. आपली इस्टेट ज्यांच्या हाती त्यांनी सोपवली, त्यांत टिळकांचे नाव होते.

टिळकांचे चरित्र मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते. शेंगांची टरफले, गणेशोत्सव, शिवजयंती, मंडाले, गीतारहस्य. या यादीत ताईमहाराज प्रकरण आले तर एका ओळीत येते आणि निघून जाते. वास्तविक या प्रकरणाने टिळकांच्या आयुष्याची तेवीस वर्षे व्यापली. राजद्रोहाच्या दोन्ही शिक्षांची मुदत एकत्र केली तरी ती आठ वर्षांच्या आत भरते. देशासाठी तुरुंगात गेलेला माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो. मेलेल्या मित्राच्या चार ओळींसाठी दोन तपे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस म्हणूनही त्यांना ओळखायला हवे, असे मला वाटते.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढली. खातेदार वारला की त्याच्या खात्याची एक फाइल तयार होते. तिच्यात मृत्यूचा दाखला असतो, वारसांचे अर्ज असतात, कधी मृत्युपत्राची नक्कल असते. ही फाइल पातळ राहणार की जाड होणार, याचा अंदाज पहिल्याच भेटीत येतो. तेराव्याच्या आत दोन भाऊ वेगवेगळ्या वेळी येऊन एकाच खात्याची चौकशी करू लागले की समजावे, ही फाइल लवकर कपाटात जात नाही. पैसा किती आहे यावर भांडण अवलंबून नसते. मागे ठेवलेले शब्द किती स्पष्ट आहेत आणि ते शब्द राखायला कोण उभे आहे, यावर ते ठरते. म्हणून टिळकांच्या या प्रकरणाकडे मी जरा कारकुनी नजरेने पाहतो. वाचकांनी तेवढी सूट द्यावी.

टिळकांना हिशेबाचे वावडे नव्हते, हे आधी लक्षात घ्यावे. २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्मलेल्या या मुलाचे वडील, गंगाधरपंत, शिक्षणखात्यात होते. १८७२ मध्ये ते वारले, तेव्हा टिळक सोळा वर्षांचे होते. गणित हा त्यांचा आवडता विषय. १८७९ मध्ये त्यांनी एलएल. बी. केली. वकिली केली नाही, पण पुढे कायद्याचे वर्ग चालवले. लातूरला जिनिंगच्या कारखान्यात त्यांची भागीदारी होती. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, पुढच्या वर्षी 'केसरी' आणि 'मराठा', १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, असा हा प्रवास होता. १८९० मध्ये ते सोसायटीतून बाहेर पडले. वादाला अनेक कारणे होती. त्यांतले एक असे, की आजीव सभासदांनी ठरल्या वेतनावर राहावे, बाहेरची कमाई करू नये, हा मूळचा करार इतरांना सैल करावासा वाटत होता आणि टिळकांना तो अक्षरशः पाळायचा होता. एकदा ठरलेल्या शब्दाला चिकटून राहण्याचा हा स्वभाव. त्यापायी मित्र गेले, संस्था गेली. बाबामहाराजांनी नेमका असाच माणूस निवडला.

मृत्युपत्र थोडक्यात असे होते. बाबामहाराजांची पत्नी ताईमहाराज, त्यांचे नाव सकवारबाई, त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला तर प्रश्नच नव्हता. मुलगा झाला नाही, किंवा होऊन वाचला नाही, तर वंश चालावा म्हणून विश्वस्तांच्या संमतीने ताईमहाराजांनी दत्तक घ्यावा आणि तो जाणता होईपर्यंत इस्टेटीची व्यवस्था विश्वस्तांनी पाहावी. विश्वस्तांत टिळकांखेरीज अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते, कुंभोजकर होते आणि वाड्यातला कारभार पाहणारे नागपूरकरही होते. दत्तक कोण, ते मात्र लिहिलेले नव्हते. मरत्या माणसाला ते सुचले नसेल, किंवा जन्माला येणाऱ्या मुलाची आशा असेल. पुढचे सगळे रामायण या एका रिकाम्या जागेतून निघाले.

सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ते तुरुंगात असताना १८९८ च्या जानेवारीत ताईमहाराजांना मुलगा झाला आणि दोनेक महिन्यांतच गेला. सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक सुटून आले, तेव्हा इस्टेट होती, तिच्यावर कर्ज होते, धनी नव्हता, आणि वाड्यात विशीही न गाठलेली एक विधवा होती. मृत्युपत्राचे प्रोबेट घेतलेले होते. विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावली आणि कर्ज फेडायला सुरुवात केली. सरदारी इतमामात वाढलेल्या घरात काटकसर शिरली की ती कुणाच्या डोळ्यांत खुपते, हे सांगायला नको. वाड्यात कुरबूर सुरू झाली आणि ती वाढवणारी माणसेही वाड्यातच होती.

जून १९०१ मध्ये टिळक आणि खापर्डे ताईमहाराजांना घेऊन औरंगाबादेस गेले. पंडितांच्या घराण्याची एक शाखा तिकडे, निधोन्याला होती. त्या शाखेतल्या जगन्नाथ नावाच्या लहान मुलाचे दत्तविधान औरंगाबादेत झाले. मंडळी पुण्याला परतली आणि थोड्याच दिवसांत चक्रे उलटी फिरली. औरंगाबादेत दत्तक झालाच नाही, जे झाले ते आपल्यावर दबाव आणून झाले, असे ताईमहाराज सांगू लागल्या. घराण्याच्या कोल्हापूरकडच्या शाखेतल्या बाळामहाराजांना दत्तक घ्यावे, असा सल्ला त्यांना मिळत होता. नागपूरकरांचे वजन त्याच पारड्यात होते. इस्टेटीचा काही भाग कोल्हापूर संस्थानात होता आणि तिथल्या दरबाराचा कौलही बाळामहाराजांच्या बाजूने होता. वेदोक्ताच्या वादाने कोल्हापूर आणि पुणे यांच्यात आधीच विस्तव पेटला होता. १९०१ च्या ऑगस्टमध्ये बाळामहाराजांचे दत्तविधान पुण्यात उरकले. एका घराला दोन दत्तक झाले.

त्याआधीच, जुलैअखेर, टिळकांचे प्रोबेट रद्द करावे म्हणून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज गेला होता. न्यायाधीश होते ॲस्टन. चौकशी दिवाणी स्वरूपाची, पण तिचा सूर फौजदारीचा झाला. टिळकांना साक्षीच्या पिंजऱ्यात दिवसच्या दिवस उभे केले गेले. औरंगाबादच्या प्रवासखर्चाच्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या. कुठे ओळीवर ओळ लिहिली, कुठे शाई वेगळी, यावर खल झाला. एप्रिल १९०२ मध्ये ॲस्टनने प्रोबेट रद्द केले आणि तेवढ्यावर न थांबता खोटी साक्ष, बनावट पुरावा अशा आरोपांखाली टिळकांवर फौजदारी खटला उभा केला. प्रोबेटविषयीचा हुकूम हायकोर्टात टिकला नाही. फौजदारी खटला मात्र चालू राहिला.

मित्राचे हिशेब ठेवणाऱ्या माणसाला त्या हिशेबाच्या वहीवरूनच आरोपी केले जाते, ही गोष्ट आजही ज्यांना कुणाच्या इस्टेटीची व्यवस्था पाहावी लागते, त्यांनी विसरू नये. घरातल्या माणसांपुढे कशाला पावत्या ठेवायच्या, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. घरातली माणसे उद्या पक्षकार होतात आणि त्या दिवशी वहीशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

१९०३ हे वर्ष टिळकांची परीक्षा पाहणारे होते. वेदांतील आर्यांच्या मूलस्थानावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. खटल्याच्या तारखा आणि उत्तर ध्रुवावरच्या पहाटेची गणिते एकाच टेबलावर चालली होती. त्याच वर्षी प्लेगने त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ गेला. ऑगस्टमध्ये क्लेमंट्स या मॅजिस्ट्रेटने दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. जानेवारी १९०४ मध्ये सेशन्स जज्ज ल्युकसने शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोषी ठरवलेच. टिळकांना हातकड्या घालून येरवड्याला नेले. राजद्रोहाच्या शिक्षेत मान असतो. दुसऱ्याच्या वारशात लबाडी केली, या शिक्षेत नुसती बेअब्रू असते. हायकोर्टाने काही दिवसांत जामीन दिला आणि मार्च १९०४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी त्यांना निर्दोष सोडले.

इथे कुणीही शहाण्या माणसाने हात झटकले असते. अब्रू परत मिळाली होती. इस्टेटीतले टिळकांच्या पदरात काही पडणार नव्हते. ज्या मुलासाठी भांडायचे, तो त्यांचा कुणी नव्हता. विश्वस्तपद सोडून दिले असते तरी लोकांनी समजून घेतले असते. टिळकांनी दिवाणी दावा चालू ठेवला. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टात तो त्यांच्या बाजूने लागला. औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरले. १९०८ मध्ये दुसऱ्यांदा राजद्रोहाची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले आणि ते तिकडे असताना, १९१० मध्ये, मुंबई हायकोर्टाने पुण्याचा निकाल फिरवला. टिळकांचे सांगणे पुन्हा एकदा अविश्वसनीय ठरले. ज्याने साक्ष दिली, तो हजारो मैलांवर लाकडी कोठडीत बसला होता.

१९१४ च्या जूनमध्ये ते परत आले. पत्नी सत्यभामाबाई १९१२ मध्येच गेल्या होत्या. मधुमेहाने शरीर पोखरले होते. २६ मार्च १९१५ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून पुण्याचा निकाल कायम केला. लॉर्ड शॉ यांनी दिलेल्या या निकालपत्राचा आपल्याकडच्या पुराव्याच्या कायद्यावर आजवर परिणाम आहे. साक्षीदाराला खोटे ठरवायचे असेल तर ज्या गोष्टीवरून खोटे ठरवायचे ती त्याच्यापुढे ठेवून खुलासा करण्याची संधी दिली पाहिजे. पाठीमागून, निकालपत्रात, त्याला लबाड म्हणता येत नाही, असे त्याचे तात्पर्य. उलटतपासणीचा अभ्यास करणारे वकील अजूनही या निकालाचा दाखला देतात. त्याच वर्षी गीतारहस्य छापून आले. फळाकडे न पाहता कर्तव्य करावे, हे सांगणाऱ्या ग्रंथकर्त्याच्या कपाटात त्याच वेळी या दाव्याचे बाड होते. मला तर वाटते, ते बाड त्या ग्रंथाला जोडलेले परिशिष्टच आहे.

पण या प्रकरणाला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. ती बाजू ताईमहाराजांची. नवरा गेला, पोर गेले, आणि आपल्या घरात कोण मुलगा म्हणून यायचा हे बाहेरचे चार कर्ते पुरुष ठरवणार, अशी त्यांची अवस्था होती. त्या काळच्या हिंदू कायद्यात विधवेचा हक्क मर्यादित. इस्टेट तिने सांभाळायची पुढच्या पुरुषासाठी. एका बाजूला विश्वस्त, दुसऱ्या बाजूला कारभारी आणि त्यांच्यामागे दरबार. दोन्हीकडून तिच्या नावाने बोलणारे पुष्कळ. तिचे स्वतःचे म्हणणे काय होते, ते शंभर वर्षांच्या कागदांतून वेगळे काढता येत नाही. प्रकरण चालू असतानाच त्या वारल्या. खटला त्यांच्या नावाने ओळखला जातो, पण त्यात त्यांना मिळाले असे काहीच नाही. टिळकांनी मित्राचा शब्द राखला. मित्राच्या पत्नीचा विश्वास राखता आला असता तर तो शब्द राखायला तेवीस वर्षे लागली नसती. मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याची निष्ठा गेलेल्या माणसाशी असते, पण त्याचे रोजचे काम मागे राहिलेल्यांशी असते. या दोहोंचा मेळ घालणे भल्याभल्यांना साधत नाही. कायद्याने ताईमहाराजांच्या लेकी-सुनांना उशिरा का होईना न्याय दिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा मिळालेल्या मिळकतीची पूर्ण मालकीण झाली आणि त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने तिला स्वतःच्या मर्जीने दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला.

प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागूनही प्रकरण मिटले नाही. कोल्हापूर संस्थानातल्या मिळकतीवर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कोर्टाचा हुकूम आपोआप चालत नव्हता. पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने १९१० च्या पुस्तकात टिळकांवर जे शिंतोडे उडवले होते, त्यांत ताईमहाराज प्रकरणही होते. टिळकांनी लंडनला जाऊन अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले. प्रिव्ही कौन्सिलने खरे मानलेल्या माणसाला त्याच शहरातल्या ज्यूरीने खरे मानले नाही. खर्चाचा डोंगर झाला आणि तो उतरवायला लोकांना वर्गणी काढावी लागली.

जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईला गेले, तेही या प्रकरणाच्या कामासाठी. सरदारगृहात उतरले आणि तापाने पडले. निकाल जगन्नाथमहाराजांच्या बाजूने लागल्याची बातमी त्यांना अंथरुणावर कळली. औरंगाबादेत मांडीवर बसलेला पोर आता तरुण झाला होता. त्यानंतर काही दिवसांनी, १ ऑगस्टला मध्यरात्र उलटून गेल्यावर, टिळक गेले. ७ ऑगस्टला बाबामहाराजांच्या मृत्यूला तेवीस वर्षे पूर्ण व्हायची होती.

नियतीचा खेळ पाहा. टिळकांच्या मागे 'केसरी-मराठा' संस्था विश्वस्तांकडे गेली, आणि गायकवाडवाड्यात टिळकांचे मुलगे आणि विश्वस्त यांच्यात वाद माजला, तो कोर्टापर्यंत पोचला. धाकटे श्रीधरपंत बुद्धिमान, मनस्वी, समतेच्या चळवळीत डॉ. आंबेडकरांच्या जवळचे. त्यांना या वादाची मोठी झळ लागली. २५ मे १९२८ ला त्यांनी आपले आयुष्य संपवले. एका माणसाच्या मनाचा थांग एवढ्या तेवढ्यावरून लावू नये. पण मागे ठेवलेल्या व्यवस्थेत घरची माणसे आणि विश्वस्त एकमेकांपुढे उभे ठाकले की काय होते, हे टिळकांच्या पिढीने दोनदा पाहिले. एकदा टिळक विश्वस्त होते. दुसऱ्यांदा त्यांची मुले वारस होती.

आज आपल्यातल्या कुणाजवळ सरदारी नाही. दोन खोल्यांचा ब्लॉक, गावाकडचा वाटा, काही ठेवी, थोडे दागिने, एवढाच पसारा. तरीही माणसे मृत्युपत्राचे नाव काढले की अशुभ बोलल्यासारखी दचकतात. वास्तविक काम सोपे आहे. साध्या कागदावर लिहिता येते, स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. सही दोन साक्षीदारांसमक्ष व्हावी आणि त्यांच्याही सह्या असाव्यात; ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. बँकेत नॉमिनेशन केले म्हणजे झाले, हा आणखी एक गैरसमज. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक होत नाही. ते पैसे त्याने खऱ्या वारसांना द्यायचे असतात. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्याला चार नॉमिनी देता येतात. सोय वाढली, पण मृत्युपत्राची गरज काही सरली नाही. आणि धडधाकट असताना लिहावे. ज्या दिवशी लिहायचे त्याच दिवशी मरायचे असेल तर काही ना काही लिहायचे राहतेच.

सगळ्यांत कठीण काम उरते ते माणूस निवडण्याचे. हुशार माणूस, श्रीमंत माणूस, जवळचा माणूस, अशी नावे डोळ्यांपुढे येतात. त्यांतला कोण आपल्या मागे आपल्या बायकोशी सबुरीने बोलेल, मुलांपुढे वही उघडी ठेवील आणि लोकांनी चोर म्हटले तरी काम टाकून जाणार नाही, हे पाहावे. तिन्ही गुण एका माणसात मिळत नाहीत. बाबामहाराजांना शेवटचा मिळाला, आणि तो इतका, की मित्र लढता लढता गेला. ज्याला तुम्ही निवडाल, त्याला एकदा घरी बोलावून तसे सांगावे, आणि त्या वेळी घरच्यांना शेजारी बसवावे. बाबामहाराजांना तेवढी सवड मिळाली नाही. आपल्याला अजून आहे.